शेजारी सिंह, क्लासरूम राजवाड्यात!

ॲडमिशनचा सीझन आला की घराघरांत तीनच प्रश्न: कटऑफ किती, फी किती आणि हॉस्टेल मिळणार का? कॉलेजच्या इमारतीकडे बघायला वेळ कुणाला आहे! पण थांबा, जरा मान वर करा. दूधगंगेकाठच्या सदलग्यातून कर्नाटकची गाडी पकडा नाहीतर नदीपलीकडून लालपरी, आजूबाजूला असे एकेक कॅम्पस आहेत की त्यांची निम्मी गंमतसुद्धा माहितीपत्रकात छापलेली नसते. कुठे राजवाड्यात लेक्चर, कुठे रेल्वेच्या ऑफिसात, आणि एका कॉलेजचं राज्य कोणतं हे पोस्टाच्या पिन कोडला अजून पटलेलं नाही!

चला तर मग, दप्तर उचला. हजेरी घेतली जाणार नाही, प्रॉमिस!

रोल नंबर एक: वनराज

माहीत आहे का? सदलगा परिसरातल्या कॉलेजांना डिग्री देणाऱ्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या गावात चक्क सिंह राहतात! बेळगावजवळ, पुणे-बंगळूर हायवेवर भुतरामनहट्टी नावाचं छोटंसं गाव आहे. विद्यापीठाचा कॅम्पस तिथलाच आणि कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयही तिथलंच. परीक्षेआधी अभ्यासाचं ‘सिंहावलोकन’ करायला याहून योग्य पत्ता सापडणार नाही.

विद्यापीठ वयाने अगदी लहान, जन्म २०१० चा. पण बाळाचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं. १९८२ पासून इथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र चालायचं. म्हणजे आधी शाखा, मग थेट हेड ऑफिस. याला म्हणतात प्रमोशन!

राणी चन्नम्मांचं नाव इथेच का? कारण माहेर! कित्तूरच्या या राणीचा जन्म काकतीचा, आणि काकती याच हायवेवर, कॅम्पसपासून हाकेच्या अंतरावर. लेकीच्या नावाचं विद्यापीठ माहेरच्या अंगणात उभं राहिलं.

आता इंग्रजी लिटरेचरवाल्यांसाठी खास नगेट. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे मारला गेला. हा कोण होता, माहीत आहे का? ‘व्हॅनिटी फेअर’ लिहिणाऱ्या विल्यम मेकपीस थॅकरेचा सख्खा काका! पुतण्या सिलॅबसमध्ये, काका इतिहासात, आणि ज्या राणीशी तो लढला तिचं नाव थेट डिग्रीवर.

बेळगावकरांना ‘संगम’ भलताच प्रिय. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा कॅम्पस ‘विद्यासंगम’, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला मच्छे इथे असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा ‘ज्ञानसंगम’. रिक्षावाल्याला नुसतं ‘संगम’ म्हणालात तर पोहोचाल भलतीकडेच!

आणि हो, राणी चन्नम्मा विद्यापीठाचा नवा कॅम्पस हिरेबागेवाडीला. सदलगा-चिकोडीच्या पोरांनो, नोंद घ्या: भुतरामनहट्टी बेळगावच्या अलीकडे, हिरेबागेवाडी धारवाड रस्त्याला, शहराच्या पलीकडे. बसमध्ये आणखी एक डुलकी जास्तीची मिळणार.

पुण्याचा विद्यार्थी, बेळगावचं विद्यापीठ

बंगळूरमध्ये झगमगत्या कॉलेजात इंजिनिअरिंग करणाऱ्या तुमच्या मावसभावाला विचारा, डिग्रीवर मुख्यालय कुठलं आहे? बेळगाव! विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं, आणि राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला जोडली गेली. आयटीची राजधानी तिकडे असेल, पण रिझल्ट निघतो तो इकडून!

ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनिअर कुठे झाले, माहीत आहे का? आपल्या पुण्यात! तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून. पुढे खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसवले तेही त्यांनीच. म्हैसूरचा माणूस, पुण्याचं शिक्षण, बेळगावात विद्यापीठ. सीमावाद गेला पाण्यात, खडकवासल्याच्या!

सीओईपीचा विषय निघालाच आहे तर एक फॅसिलिटी ऐकून ठेवा. या कॉलेजचा स्वतःचा बोट क्लब आहे, मुळा-मुठेच्या काठावर. १९२८ पासून तिथली मुलं वल्ही मारतायत आणि दर वर्षी ‘रेगाटा’ नावाचा जलोत्सव करतायत. इतर कॉलेजांत पोरं परीक्षेत बुडतात, इथे निदान पोहता येतं!

पत्ता महाराष्ट्राचा, पिन कर्नाटकचा

आता येऊ या सगळ्यात भन्नाट कॅम्पसकडे. निपाणी शहर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. निपाणीचं प्रसिद्ध देवचंद कॉलेज कुठे? महाराष्ट्रात! तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, गाव अर्जुननगर, विद्यापीठ शिवाजी. शहर संपतं, सीमा लागते आणि लगेच कॉलेज सुरू.

१९६० पासून कितीतरी पिढ्या सकाळी एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात लेक्चरला बसल्या आणि दुपारी जेवायला पुन्हा पहिल्या राज्यात आल्या. व्हिसा नको, पासपोर्ट नको, फक्त आयकार्ड!

आणि पत्ता? एकदा नीट वाचाच. राज्य महाराष्ट्र, पण ‘व्हाया निपाणी’ आणि पिन कोड ५९१ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचे पिन कोड ४० ते ४४ ने सुरू होतात, ५९ हा आकडा कर्नाटकाचा. राज्य पुनर्रचना आयोग, महाजन आयोग, कोर्टकचेऱ्या सगळं झालं, पण पोस्टमनने आपला निकाल केव्हाच लावून टाकला: जे जवळ, ते आपलं!

सीमेवरच्या पोरींसाठी एक हिशेब. कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळे ११ जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीटच नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. म्हणून सदलग्याची मुलगी चिकोडीला कॉलेजात गेली तर प्रवास झीरो रुपये, आणि नदीपलीकडून लालपरीने कोल्हापूरला गेली तर हाफ. मुलगा? त्याने गुपचूप पास काढावा. एक पास खिशात, दुसरा परीक्षेत!

‘आधी इथे काय होतं?’ स्पेशल

सदलग्याहून बोरगावमार्गे इचलकरंजी गाठा. तिथे डीकेटीई नावाचं टेक्स्टाइल आणि इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९८२ चं. त्याचा पत्ता काय, माहीत आहे का? ‘राजवाडा, इचलकरंजी’! घोरपडे जहागीरदारांच्या राजवाड्यात सूत, कापड आणि यंत्रांचे धडे. आईने लहानपणी ‘राजा बेटा’ म्हटलेलं इथे खरं होतं. फक्त सिंहासनाऐवजी बेंच, आणि त्यावर आधीच्या बॅचने कोरलेली नावं.

धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ चं. त्याची देखणी दगडी इमारत मुळात कशाची होती? सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य कार्यालय! रेल्वेने जागा सोडली, कॉलेजने धरली. तेव्हापासून इथे गाड्या नाहीत, पण पोरांचं आयुष्य मात्र रुळावर येतं.

धारवाडचीच आणखी एक कमाल. कर्नाटक विद्यापीठाचा जन्म कर्नाटकात झालाच नाही! १९४९ मध्ये ते सुरू झालं मुंबईत, आणि वर्षभराने धारवाडला आलं. तेव्हा धारवाड-बेळगाव सगळं मुंबई प्रांतातच होतं ना! बाळंतपण मुंबईला, बारसं धारवाडला.

आता पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ती मनोऱ्याची मुख्य इमारत सिनेमात, रीलमध्ये, लग्नाआधीच्या फोटोशूटमध्ये कुठेही दिसते. ती होती मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांची पावसाळी कोठी! मुंबईत चिखल झाला की साहेब गणेशखिंडीला. खर्च इतका वाढला की गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावर उधळपट्टीची टीका झाली. अन् पुढे? १९४९ मध्ये विद्यापीठ आलं. साहेबांचा बॉलरूम, आपलं पदवीदान!

याच कोठीतला एक कार्यक्रम इतिहासात अजरामर आहे. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी इथेच झाली. ती आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडला गोळी घातली. आज त्याच रस्त्यावर आपण ट्रॅफिकमध्ये अडकतो.

व्हॅटिकन बसवा, सात वेळा!

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ किती मोठं, माहीत आहे का? कॅम्पस ८५३ एकरांचा. पोपसाहेबांचा अख्खा देश, व्हॅटिकन सिटी, यात सात वेळा बसेल आणि वर मोरांना नाचायला जागा उरेल. मोर खरेच आहेत हं, थाप नाही!

उद्घाटनाची तारीख बघा: १८ नोव्हेंबर १९६२. काही आठवलं? चीनचं युद्ध ऐन भरात होतं, आणि राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन कोल्हापुरात विद्यापीठ सुरू करत होते. तीनच दिवसांनी शस्त्रसंधी झाली, आणि त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हेच यशवंतराव एकेकाळी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी! ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ म्हणतात ना, त्या सह्याद्रीचं कॉलेज कोल्हापूरचं.

मुख्य इमारतीसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा म्हणजे अख्ख्या कोल्हापूरचा सेल्फी पॉइंट. पण तो विद्यापीठाबरोबर आला नाही. १९७४ मध्ये आला, बारा वर्षांनी. शिल्पकार बी. आर. खेडकर. आधी विद्या, मग शिल्प!

तिथल्या ग्रंथालयाला नाव आहे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं. हे पहिल्या लोकसभेतले खासदार, तेही अपक्ष. लायब्ररीत एकट्याने शांत बसणाऱ्यांना परफेक्ट आदर्श!

हॉस्टेलनगरी कोल्हापूर

वसतिगृहांची जननी कोण? कोल्हापूर! राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल. महाराजांचा फंडा सरळ होता: शाळा काढून भागत नाही, खेड्यातलं पोर राहणार कुठे आणि जेवणार काय?

ही मिस क्लार्क कोण, माहीत आहे का? मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी, व्हायोलेट क्लार्क. गव्हर्नरच्या लेकीचं नाव, आणि आत शिकणारी मुलं अशी, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची बंदी. महाराजांची चाल ओळखा!

दसरा चौकात उभं राहून गोल फिरलात तर जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं एकाच चौकाच्या आसपास दिसतील. प्रत्येक समाजाचा दरवाजा वेगळा, पण शाळेची वाट एकच.

आता ट्विस्ट! जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव नावाचा एक दांडगा विद्यार्थी होता. मिस क्लार्क हॉस्टेलच्या कार्यक्रमाला गेला. परत आल्यावर ‘आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही’ म्हणून सांगितलं, तर याने साफ नकार दिला. बोर्डिंगमधून डच्चू! हाच मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. ज्याला हॉस्टेलातून काढलं, त्याने महाराष्ट्रभर हॉस्टेलं उघडली. यापेक्षा भारी रिव्हेंज स्टोरी दाखवा!

४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. त्या बोर्डिंगला ‘छत्रपती शाहू’ हे नाव १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते मिळालं. आणि मेसचं बिल? एकदा धान्यच संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, कर्मवीरांच्या पत्नीने, मंगळसूत्र काढून दिलं. मेसच्या डाळीत पाणी जास्त म्हणून ओरडणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

कमवा आणि शिका! सकाळी शेतात खणायचं, मग वर्गात बसायचं. आजचा ‘पार्टटाइम जॉब’ आणि ‘इंटर्नशिप’ म्हणजे कर्मवीरांच्या या योजनेची नवी पिढी. शिवाजी विद्यापीठात ही योजना आजही चालते. आणि साताऱ्यात तर आता कर्मवीरांच्याच नावाचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, २०२१ पासून. विद्यापीठ म्हणजे जुन्या, नावाजलेल्या तीन कॉलेजांची मोट. छोटं, सुटसुटीत, आटोपशीर!

एक राजा, तीन पाट्या

बेळगावातल्या विज्ञान कॉलेजची पाटी वाचा: राजा लखमगौडा. लॉ कॉलेजची पाटी वाचा: राजा लखमगौडा. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं अधिकृत नाव वाचा: राजा लखमगौडा जलाशय! वंटमुरीचे हे संस्थानिक, दानाला सढळ. सायन्सवाला त्यांच्या नावाने शिकतो, वकील त्यांच्या नावाने शिकतो, आणि दोघांच्या घरचा ऊस त्यांच्याच नावाच्या पाण्यावर वाढतो.

शिरसंगीच्या लिंगराज देसाईंची गोष्ट त्याहून भारी. १९०६ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि मृत्युपत्र उघडलं तर इस्टेट शिक्षणासाठी! बेळगावचं लिंगराज कॉलेज, १९३३ चं, त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. इस्टेटीवरून भावाभावांत मारामाऱ्या होतात, इथे इस्टेटीतून भावी पिढ्या तयार झाल्या.

हे कॉलेज ज्या केएलई संस्थेचं, ती कुणी काढली, माहीत आहे का? कुणी उद्योगपती नाही, मंत्री नाही. १९१६ मध्ये सात जणांनी एकत्र येऊन एक शाळा सुरू केली. या सातांना आदराने ‘सप्तर्षी’ म्हणतात. आज संस्थेकडे शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं आणि स्वतःचं अभिमत विद्यापीठ, सगळं आहे. चिकोडी-निपाणीतही त्यांची कॉलेजं आहेत. सात जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये साधी ट्रिप ठरत नाही हो!

आणि बेळगावच्या टिळकवाडीतलं राणी पार्वतीदेवी कॉलेज? आरपीडी म्हटलं की बेळगावकर मराठी माणसाची कॉलर ताठ होते. इथे मराठी शिकवायला कोण होतं सांगा? पु. ल. देशपांडे! पुलं वर्गात असताना लेक्चर बंक करणारा एखादा तरी असेल का? असलाच तर बिचारा जन्मभर हळहळला असणार.

रास कोणती, निकाल कोणता?

आता थोडं लांब, मुंबईला. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातली मोठी गोल रंगीत काचेची खिडकी नीट बघा. तिच्यात काय आहे? बारा राशी! मेष ते मीन सगळ्या हजर. पेपर कसाही जाऊ दे, तुमची रास काचेवर पक्की.

शेजारचा राजाबाई टॉवर २८० फुटांचा. पैसे दिले शेअर बाजाराचे बादशहा प्रेमचंद रायचंद यांनी, अट एकच: नाव आईचं, राजाबाईंचं. सांगतात की आई कट्टर जैन, सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि दृष्टी गेलेली. घड्याळाचे टोल ऐकून तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा. सदलगा-बोरगाव पट्ट्यातल्या जैन आज्यांना ही गोष्ट लगेच पटेल!

पण खरी चकित करणारी बाब पुढेच. हा टॉवर ज्याने डिझाइन केला तो लंडनचा आर्किटेक्ट सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलाच नाही! सगळं काम कागदावरून. वर्क फ्रॉम होम, १८६९ सालचं.

उलटा नमुना गोव्यात. गोवा विद्यापीठाचा पठारावरचा तो लाटांसारखा वळणदार कॅम्पस ज्यांनी आखला ते सतीश गुजराल. होते मुळात चित्रकार. आर्किटेक्चरची डिग्री नव्हती. डिग्री देणारी संस्था, बांधली मात्र बिनडिग्रीवाल्याने!

एका अक्षराचा अड्डा

छोटं विद्यापीठ बघायचंय? पुण्याचं डेक्कन कॉलेज घ्या. अभिमत विद्यापीठ, शांत, झाडीतलं. इथे संस्कृतचा महाकोश करायचं काम १९४८ मध्ये सुरू झालं. जरा आत डोकावा: रांगेने मांडलेली लोखंडी कपाटं, त्यांत लहान लहान खण, आणि खणांत खच्चून भरलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एक शब्द, तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या ओळीत आला त्याची हाताने लिहिलेली नोंद. अशा चिठ्ठ्या सुमारे एक कोटी!

पहिला खंड १९७६ मध्ये आला. पुढे तिसाहून अधिक खंड छापले. गाडी कुठवर पोहोचली, माहीत आहे का? ‘अ’ पर्यंत! सबमिशनची तारीख दोन दिवसांनी वाढवून मागणाऱ्यांनी इथे येऊन नमस्कार करावा.

याच कॉलेजच्या हॉस्टेलमधली एक खोली जपून ठेवली आहे, लोकमान्य टिळकांची. पहिलं वर्ष टिळकांनी अभ्यासात नव्हे, तालीम आणि पोहण्यात घालवलं, प्रकृती कमावली, आणि परीक्षेत नापास झाले! फर्ग्युसनच्या हॉस्टेलातली १७ नंबरची खोलीही अशीच जपलेली, सावरकरांची. तुमच्या खोलीच्या भिंतीवर आज फक्त मोबाईल चार्जरचा डाग असेल. उद्याचं काय सांगावं?

किरणोत्सव, अमेरिकन स्टाइल

सातासमुद्रापलीकडची एक ट्रिप, फुकटात! अमेरिकेतल्या एमआयटीत एक सरळ, लांबच लांब कॉरिडॉर आहे, २५१ मीटरचा. नाव ‘इन्फिनिट कॉरिडॉर’. वर्षातून दोनदा मावळता सूर्य बरोब्बर त्याच्या रेषेत येतो आणि किरणं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात. पोरं कॅमेरे घेऊन गर्दी करतात.

आता तारखा ऐका. साधारण नोव्हेंबरचा मध्य आणि जानेवारीचा शेवट. ओळखीचं वाटतंय? अंबाबाईचा किरणोत्सव! कोल्हापुरात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ३१ जानेवारीच्या सुमारास मावळतीची किरणं देवीच्या चरणांपासून वर चढतात. तिकडे इंजिनिअर, इकडे भाविक, आणि सूर्याचं टाइमटेबल जवळपास एकच!

स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात त्या फ्लोग्स्टा भागात रात्री दहा वाजले की मुलं खिडक्या उघडून जोरात किंचाळतात. अभ्यासाचं टेन्शन बाहेर! आपल्याकडे यासाठी वर्षातून एकच दिवस राखीव, होळीचा.

आणि इटलीतल्या बोलोन्यात, युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठात, मध्ययुगात विद्यार्थीच मालक होते. सर उशिरा आले तर दंड! हा परिच्छेद स्टाफरूममध्ये दाखवू नये.

कॅन्टीनचा नकाशा

सीमाभागात राज्य कुठे बदललं हे पाटीवरून कळत नसेल तर कॅन्टीनमध्ये शिरा. मिसळीचा तांबडा कट आला, तुम्ही कोल्हापूरच्या बाजूला. गिरमिट आणि मिरची भजी आली, धारवाडच्या बाजूला. परीक्षा पास झाल्यावर कुंदा वाटला, बेळगाव! पेढा वाटला तरी विचारावं लागतं: साधा की धारवाडी? चहाची उधारी मात्र दोन्ही राज्यांत एकाच वहीत, एकाच पेनाने लिहिली जाते.

सदलग्याचा टॉपर

शेवटचा प्रश्न, बोनस मार्कांचा. सदलग्याचा असा कोणता विद्यार्थी, ज्याने कॉलेजची पायरीही चढली नाही, पण त्याचं पुस्तक विद्यापीठांत एम.ए. ला लागलं?

उत्तर: आचार्य विद्यासागर महाराज! १० ऑक्टोबर १९४६ ला, शरद पौर्णिमेला, सदलग्यात अष्टगे कुटुंबात जन्म. शाळा कन्नड माध्यमाची, तीही मॅट्रिकच्या आत सुटली. पुढे दिगंबर मुनिदीक्षा, आणि मग हिंदीत ‘मूकमाटी’ नावाचं महाकाव्य. नायिका कोण, तर माती! कन्नड शाळेतला मुलगा हिंदीत लिहितो आणि हिंदीचे प्राध्यापक ते शिकवतात. त्यावर पीएच.डी. करणाऱ्यांच्या नावापुढे ‘डॉक्टर’ लागलं, ते सदलग्याच्या मातीमुळे.

जाता जाता, होमवर्क

एवढ्या सफरीत एक गोष्ट लक्षात आली का? यातले बहुतेक कॅम्पस नुसत्या सिमेंटने उभे नाहीत. कुणी राजवाडा दिला, कुणी मृत्युपत्रात इस्टेट लिहून ठेवली, कुणी गळ्यातलं मंगळसूत्र काढलं. वायफाय स्लो आहे म्हणून तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क. वॉशरूम, पिण्याचं पाणी, हॉस्टेल, बसच्या वेळा याबद्दल तर भांडाच. पण उद्या कॉलेजात गेलात की मुख्य दरवाज्याजवळची कोनशिला एकदा वाचा. तारीख बघा, नाव बघा, मग ऑफिसातल्या सर्वांत जुन्या शिपाईकाकांना विचारा, ‘काका, आधी इथे काय होतं?’ पाच मिनिटं लागतील, आणि परीक्षेत न येणारं असं काहीतरी हमखास मिळेल.